खेरीज हक्कदार

साठ-सत्तर हजारांपासून लाखापलीकडे किंमत मोजून जो मदरबोर्ड घ्यावयाचा, त्याच्या परीक्षणाची एक सर्वमान्य रीत आता रूढ झालेली आहे. परीक्षक तो बोर्ड खोक्यातून काढतो, मेजावर आडवा निजवतो, उत्तम प्रकाशात त्याची छायाचित्रे घेतो, आणि काळ्या धातूच्या पत्र्यांखाली जवळजवळ संपूर्ण झाकून गेलेल्या त्या पाटीकडे सकौतुक पाहत ‘मांडणी अत्यंत स्वच्छ आहे’ असा अभिप्राय नोंदवून मोकळा होतो. ज्या अवस्थेत त्या बोर्डाला आपले उर्वरित आयुष्य कंठावयाचे असते, म्हणजे पोलादी कॅबिनेटमध्ये उभे राहून, छातीवर किलोभर वजनाचा कूलर आणि पोटावर दोन किलोंचे ग्राफिक्स कार्ड वागवीत, त्या अवस्थेत त्याच्याकडे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. कारण त्या अवस्थेत तो दिसतच नाही.

या अडचणीचे मूळ शोधू गेल्यास आपल्याला १९९५ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचा जो आराखडा जाहीर केला, त्याने बोर्डाची लांबीरुंदी ३०५ बाय २४४ मिलिमीटर ठरवून दिली आणि विस्तारासाठी सात स्लॉटांची जागा राखून ठेवली. त्या काळी ध्वनीचे एक कार्ड, मोडेमचे एक, चित्राचे एक, अशी सडपातळ मंडळी एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदत असत. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेले आरटीएक्स ४०९० हे कार्ड मात्र ४५० वॉट वीज खाते, लांबीला सुमारे ३०४ मिलिमीटर भरते आणि जाडीला तीन स्लॉटांची जागा व्यापते. अन्य कंपन्यांनी काढलेल्या त्याच्याच आवृत्त्या तर त्याहूनही धष्टपुष्ट आहेत. सातांपैकी तीन-चार जागा एकट्याने अडवून बसलेल्या या पाहुण्याच्या पोटाखाली पुष्कळदा एसएसडीचे दोन स्लॉट, बायोसची ती गोल बॅटरी आणि एखादा कधीही न वापरला जाणारा लहान स्लॉट असा सारा संसार गाडला गेलेला असतो. आराखडा जुना, भाडेकरू नवा, आणि बोर्डाची हद्द तेवढीच. बिचाऱ्या आरेखकाने करावे तरी काय, असा प्रश्न कोणी दयाळू मनुष्य विचारील. परंतु दया ही स्वस्त बोर्डांसाठी राखून ठेवावी असे माझे मत आहे.

माझ्या भाच्याने गतवर्षी असा एक पीसी स्वहस्ते असेंबल केला. पुढे त्याला एक एसएसडी बदलावयाची होती. एसएसडीवर धातूचे झाकण, झाकणावर ग्राफिक्स कार्ड. कार्ड काढावयाचे तर स्लॉटाच्या उजव्या टोकाची चिमुकली खिटी दाबावयास हवी. आणि ती खिटी कार्डाची पाठ व कूलरचे पाते यांच्यामधल्या अशा सांदीत की तिथे तर्जनीचे पहिले पेरदेखील शिरेना. अखेर कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी तिरपी खुपसून, दुसऱ्या हाताने कार्डाचे ओझे तोलून धरीत, जिभेचे टोक दातांत पकडून त्याने ती खिटी दाबली तेव्हा ‘मामा, आवाज आला का?’ असे तो मला ज्या स्वरात विचारता झाला, तो स्वर मी पूर्वी केवळ प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात ऐकला होता. काही कंपन्यांनी आता बोर्डाच्या कडेला एक बटण देऊन ही खिटी दुरून सोडविण्याची सोय केली आहे, आणि निःपक्षपातीपणे सांगावयाचे तर बोर्डावर लखलखणाऱ्या यच्चयावत दिव्यांपेक्षा ते एक बटण मला अधिक सुसंस्कृत वाटते.

परंतु खिट्या आणि पाती हा झाला केवळ देहधर्म. खरी गंमत आहे ती हक्कांच्या मांडणीत. पेशवाईतील इनामाच्या सनदा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असे सारे काही इनामदाराच्या पदरी उदार हस्ते टाकून झाल्यावर शेवटी ‘खेरीज हक्कदार’ असे दोन शब्द हळूच येतात, आणि गावात पाऊल ठेवल्यावर इनामदाराला कळते की जुने हक्कदार पुष्कळ आहेत. मदरबोर्डाच्या माहितीपुस्तकात हे काम बारीक टाइपातली तळटीप करते. झेड७९० जातीच्या ज्या बोर्डांवर पाचव्या पिढीच्या एसएसडीसाठी स्लॉट दिलेला असतो, तेथे त्या स्लॉटाला लागणाऱ्या चार लेन, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटा, ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनमधूनच काढून घ्याव्या लागतात. बरे, सोळातून चार गेल्यास बारा उरावेत असे तुम्हाआम्हाला शाळेत शिकविलेले असले तरी या बोर्डांवर बसणारा प्रोसेसर आपल्या सोळा लेनची वाटणी आठ आणि आठ अशीच करू जाणतो. सबब कार्डाच्या वाट्याला आठ येतात, एसएसडी चार घेते, आणि उरलेल्या चार कोणाच्याच उपयोगी न पडता सरकारजमा होतात. अनेक बोर्डांवर आणखी एखादी एसएसडी बसविली की साटाची दोन पोर्टे मुकाट्याने बंद पडतात. खोक्यावर मात्र सर्व पोर्टांची आणि सर्व स्लॉटांची बेरीज ठळक अक्षरांत छापलेली असते, आणि ती बेरीज म्हणून बिनचूक असते.

रॅमची कथाही याच वळणाची. स्लॉट चार, पण पट्ट्या दोनच असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवाव्यात असा दंडक. उरलेले दोन स्लॉटही आपण पैसे मोजून घेतलेले असल्यामुळे कोणी भाविक ग्राहक ते भरू गेला, तर रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांत दोन पट्ट्यांना ५२०० असा जो अधिकृत वेग दिलेला आहे, तो चारही भरताच ३६०० वर उतरतो. हक्क आहे, मात्र तो बजावू नये, अशी ही तरतूद असून तिचे प्रायश्चित्त ग्राहकाने स्वखर्चाने घ्यावयाचे असते.

कोपऱ्यांविषयी विस्तार करीत नाही. प्रोसेसरच्या विजेचा आठ पिनांचा कनेक्टर वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, जेथे छताचा रेडिएटर बसविल्यावर हात जात नाही. ध्वनीचा हेडर खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, जेथपर्यंत कॅबिनेटची वायर पोहोचत नाही. दोन्ही कोपरे वर्षानुवर्षे तेथेच आहेत. उलट, उघड्या मेजावर बोर्ड चालवून पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी चालू-बंदचे बटण बोर्डावरच देण्याचा प्रघात मात्र महाग बोर्डांत कसोशीने पाळला जातो, आणि परीक्षक त्याबद्दल एक गुण अधिक देतो. ज्याच्या घरी तो बोर्ड काचेच्या कॅबिनेटमध्ये कायमचा बंद होणार, त्याने त्या बटणाकडे काचेतून पाहावे. बोर्ड पाहावयाचाच असेल तर कार्ड, कूलर, रॅम आणि सर्व वायरी जोडून, कॅबिनेटमध्ये उभा करून, हातात तळटिपांचे पान धरून पाहावा. माहितीपुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि फुकट मिळते म्हणूनच बहुधा ते कोणी वाचत नाही. खोक्यातून निघतात ते स्टिकरांचे ताव.

आता या साऱ्यावर उतारा म्हणून काही कंपन्यांनी कनेक्टरच बोर्डाच्या पाठीमागे नेले आहेत. समोरून पाहता एक वायर दिसेल तर शपथ! फक्त त्यासाठी पाठीच्या पत्र्याला त्या त्या ठिकाणी भोके पाडलेली वेगळी कॅबिनेट लागते. भाच्याच्या कॅबिनेटला तशी भोके नाहीत. सबब तसा बोर्ड, बोर्डासाठी कॅबिनेट आणि कॅबिनेटच्या काचेतून शोभेल असे नवे कार्ड, असा एकत्रित प्रस्ताव त्याने आपल्या मातोश्रींकडे, म्हणजे माझ्या भगिनीकडे, मंजुरीस्तव दाखल केला असून त्यावर तिने ‘वडिलांना विचार’ असा शेरा मारून कागद परत केला आहे.