कलम १३९ आणि कांदा

समुद्रकिनारी सहकुटुंब सुट्टी घालविण्याचा जो संकल्प सर्वसाधारण मराठी गृहस्थ सोडतो, त्यात प्रत्यक्ष समुद्राचा वाटा अल्पच असतो. सकाळच्या चहाला दूध कोठून येणार, पोह्यांवर पेरायला कोथिंबीर मिळणार की नाही आणि विरजणाची वाटी कोणी बरोबर घेतली आहे, या प्रश्नांचाच वाटा मोठा असतो, हे ज्याने गुहागर-दिवेआगरकडे चार दिवस बिऱ्हाड थाटून पाहिले आहे त्याला वेगळे सांगावयास नको. तिकडे मात्र या सर्व प्रश्नांचा निकाल लावणारा एक वाणी हाकेच्या अंतरावर ठाण मांडून बसलेला असतो, आणि त्याने दुकानाच्या फळ्या लावल्या असल्या तरी मागच्या पडवीशी जाऊन "अहो, आहात का घरात?" असा पुकारा केला असता, तोंडातला घास आवरीत का होईना, तो पावशेर साखर बांधून देतोच. अशा उदार संस्कृतीत साठी ओलांडलेल्या आम्हां मंडळींना, हॅम्बुर्ग येथे नोकरीस असलेल्या जावयांनी, एप्रिलअखेरीस, बाल्टिक समुद्राच्या काठी ट्राव्हेम्युन्डे या गावी नेले.

मंडळी म्हणजे आमच्या सौभाग्यवती, माझी थोरली बहीण अक्का, कन्या, जावई, पाच वर्षांचे नातू आणि मी. यांपैकी अक्कांचा उल्लेख प्रथम करावयास हवा होता, कारण स्वयंपाकघर नावाचा जो काही मुलूख पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असेल, त्याच्या त्या वंशपरंपरागत जहागीरदार आहेत. जावयांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांच्या जागेत पाऊल टाकताच त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे पाठ फिरवून प्रथम शेगडी पाहिली, मग भांडी मोजली, आणि "पोळपाट नाही" एवढाच अभिप्राय देऊन त्या पलंगावर बसल्या.

गाव देखणे आहे. ट्राव्हे नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, ल्युबेक शहराच्या हद्दीतच, ते वसले आहे. १५३९ साली बांधलेला एक विटांचा दीपस्तंभ तेथे उभा असून जर्मनीतील तो सर्वांत जुना समजला जातो. आणि पलीकडच्या तीराला 'पासाट' नावाचे १९११ सालचे चार डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज, निवृत्त न्यायाधीशाच्या डौलाने, कायमचे नांगर टाकून बसले आहे. वाळूवर वेताच्या, वरून छत असलेल्या दुहेरी खुर्च्यांची रांग असते. रोस्टॉक येथील बार्टेलमान नामक बुरुडाने १८८२ साली संधिवाताने पीडित अशा एका कुलीन बाईसाठी ही खुर्ची प्रथम विणली, असा तिचा इतिहास आहे, आणि एप्रिलअखेरच्या वाऱ्यात त्या खुर्चीत बसले असता ती संधिवातावर उपाय म्हणून निघाली की संधिवाताची सोय म्हणून, याविषयी मनात संदेह उत्पन्न होतो. आम्ही स्वेटर, मफलर व कानटोप्या घालून समुद्रस्नानाच्या स्थळी सुट्टी उपभोगीत होतो. नातू तेवढे लोकरी हातमोजे घालून वाळूचा किल्ला बांधीत होते.

परंतु हा मजकूर समुद्राचा नाही, रविवारचा आहे.

जर्मन देशात रविवार हा वार नसून घटनात्मक तरतूद आहे. १९१९ साली वायमार येथे जी राज्यघटना झाली, तिच्या १३९व्या कलमाने रविवार आणि सरकारमान्य सणवार हे श्रमापासून विश्रांतीचे व आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली घेतले. पुढे ती घटना गेली, ते राज्य गेले, मध्यंतरी जे व्हावयास नको होते ते सर्व झाले, तरी १९४९च्या नव्या घटनेने आपल्या १४०व्या कलमाच्या पदरी हे जुने कलम जसेच्या तसे बांधून घेतले. त्याचे मूळ शोधू जाता थेट इसवी सन ३२१मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टन्टाइन याने काढलेल्या फर्मानापर्यंत जावे लागते, आणि त्या बादशहाने सुद्धा शेतकऱ्याला रविवारी नांगर धरण्याची मुभा ठेवली होती. वाण्याला तशी मुभा जर्मनांनी ठेवली नाही. १९५६च्या दुकानबंदीच्या कायद्याने तर शनिवारी दुपारी दोनलाच दुकानांना कुलूप लावले होते. ते पुढे हळूहळू सैल होत गेले, २००६ साली हा विषय संघराज्याकडून प्रांतांच्या दप्तरी गेला, आणि आम्ही ज्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात होतो तेथे सोमवार ते शनिवार दुकानदाराने अष्टौप्रहर दुकान उघडे ठेवले तरी सरकारची हरकत नाही. म्हणजे बुधवारी रात्री तीन वाजता कांदा विकणे हा हक्क, आणि रविवारी दुपारी बाराला तोच कांदा विकणे हा गुन्हा. त्या दिवशी हिरवळ कापण्याचे यंत्र चालवावयाचे नाही, रिकाम्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकून खळखळाट करावयाचा नाही; आत्मा उन्नत होत असता त्याला आवाज सहन होत नाही.

या कायद्याखाली वाढलेला समाज शनिवारी कसा वागतो, हे निघण्यापूर्वी हॅम्बुर्गातच आम्ही पाहिले होते. एक युरोचे नाणे खाचेत सरकवून सोडवून घेतलेल्या त्या चाकांच्या गाड्यांत दुधाचे पुठ्ठ्याचे डबे, पावांच्या लाद्या, बटाट्यांची पोती, बिअरच्या बाटल्यांची खोकी आणि वर एखादा फुलांचा गुच्छ अशी रचना करून स्त्री-पुरुष गंभीर मुद्रेने चालले होते; शत्रूने वेढा घातल्याची वार्ता एखाद्या किल्ल्यावर यावी, अशी ती बेगमी होती. वेढा, निदान आमच्या समजुतीप्रमाणे, अवघ्या एका दिवसाचा होता.

अक्कांना ते दृश्य पाहून उत्साह आला व त्यांनी कांद्यांच्या दोन किलोंच्या जाळीवर हात टाकला. तेव्हा जावई म्हणाले, "अक्का, राहू द्या. आगगाडीतून ओझं कशाला? आपण जातोय तिथं रविवारीही दुकानं उघडी असतात."

आणि ते खरे होते. कायदा करणारा जर्मन अपवाद करण्यातही तितकाच निष्णात आहे. समुद्रकाठच्या हवापालटाच्या गावांना या प्रांताने एक खास सवलत दिली आहे: १५ मार्चपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत, तसेच नाताळच्या आगेमागे, रविवारी व सुट्टीच्या दिवशी सकाळी ११ ते सायंकाळी ७ या मुदतीत, फार तर सहा तास दुकाने उघडावीत. चर्चच्या आणि कामगार संघटनांच्या मंडळींशी वर्षानुवर्षे वाटाघाटी होऊन हा करार ठरला आहे. तात्पर्य, आत्मिक उन्नतीसाठी चर्चमध्ये जाणाऱ्याची प्रार्थना आटोपल्यावर, समुद्रस्नानाने उन्नत होणाऱ्याला दूध मिळावे.

रविवारी दुपारी आम्ही त्या उघड्या दुकानात गेलो. कांदे समोर होते. पिवळट तांबूस, एका मापाचे, वर्गात पहिले येणाऱ्या मुलांसारखे स्वच्छ. अक्का पुन्हा हात पुढे करणार तोच आमच्या सौभाग्यवतींनी मराठी गृहव्यवस्थेचे आद्य तत्त्व उच्चारले: "आज कशाला? उद्या ताजे घेऊ." हे तत्त्व वरवर पाहता आळसाचे वाटते, पण त्याच्या बुडाशी वाणी या संस्थेवरील अढळ निष्ठा आहे. आमच्या घरांत साठा करतात तो वर्षाच्या तांदळाचा, मिठाच्या आंब्यांचा, पापड-कुरडयांचा. दोन दिवसांचा साठा करणे आम्हांला ठाऊक नाही, कारण या दोन टोकांच्या मधला सर्व काळ वाण्याने आपल्या खांद्यावर तोललेला असतो. आमचा रविवार निवांत जातो तो त्याचा जात नाही म्हणून. हा हिशेब कोणी मांडीत नाही, इतकेच.

दुसऱ्या दिवशी सोमवार, १ मे.

त्या तिथीचे महत्त्व अक्कांनी आदल्या रात्रीच जाहीर केले होते. "महाराष्ट्र दिन आहे. झुणका-भाकरी करायची." ज्वारीचे पीठ आणि बेसन हॅम्बुर्गच्या भारतीय दुकानातून आणलेले होते, फोडणीचे साहित्य अक्का देव्हाऱ्यातील टाकांसारखे सोबतच वागवितात, उणे होते ते फक्त कांद्याचे. सकाळी जावई पिशवी घेऊन गेले आणि ती तशीच घडी घातलेली परत घेऊन आले. समुद्रकाठची ती सवलत वर्षातून तीन दिवस लागू नसते: गुड फ्रायडे, २५ डिसेंबर, आणि १ मे.

"का पण?" अक्का.

"कामगार दिन आहे, अक्का."

"तो आपल्याकडेही असतो. म्हणून वाणी दुकान बंद ठेवतो का? वाणी कुठला कामगार!"

या युक्तिवादात तथ्य नाही असे मला म्हणवेना, आणि आहे असेही म्हणवेना. कारण रविवारची सुट्टी आपल्याकडेही आकाशातून पडलेली नाही; मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना ती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा दाखला मालकांना दिला, आणि १८९० साली ती पदरात पाडून घेतली. दुकानांतील नोकरांसाठी १९४८चा मुंबई दुकाने व संस्था अधिनियम आला, त्याने आठवड्याची एक बंदी घातली. २०१७च्या नव्या अधिनियमाने नोकराची साप्ताहिक रजा कायम ठेवून दुकानाला मात्र सातही दिवस मोकळे सोडले. हे सर्व मी अक्कांना समजावून सांगू लागलो. त्यांनी मध्येच विचारले, "यात कांदा कुठे आहे?"

जावई हे अभियंते असल्यामुळे त्यांना हार मानण्याची सवय नाही. बेकरीवाल्याला सुट्टीच्या सकाळी काही तास दुकान उघडण्याची परवानगी असते, म्हणून प्रथम तेथे गेलो. नि:शब्द रांगेत उभे राहून ताजे पाव घेतले, आणि कांद्याचे नाव काढताच गल्ल्यावरच्या बाईंनी, त्यांना सुवर्णकाराचा पत्ता विचारावा, तशा मुद्रेने पाहिले. मग पेट्रोल पंप. प्रवाशाला वाटेत निकडीने लागणाऱ्या वस्तू विकण्याची सूट पंपांना व रेल्वे स्थानकांना असते, आणि त्या वस्तूंची यादी संघराज्याच्या जुन्या कायद्यात मोठ्या साक्षेपाने दिलेली आहे: वर्तमानपत्रे, नकाशे, तंबाखू, छाटलेली फुले, अल्प किमतीची खेळणी, अल्प प्रमाणात खाद्यपदार्थ. ज्या कोणा मुन्शीने ही यादी केली, त्याने जर्मन प्रवाशाची मनोभूमिका ओळखली होती यात शंका नाही. प्रवासात असता मनुष्य पत्नीसाठी फुले, मुलासाठी खेळणे व स्वतःसाठी तंबाखू घेईल, हे त्याला सुचले. सासुरवाडीच्या मंडळींसह प्रवास करणारा जावई त्याच्या डोळ्यांसमोर आला नाही. पंपावर दूध होते, बिअर होती, मांस भाजण्याचा कोळसा होता, सुगंधी पाईनवृक्षाच्या आकाराचे मोटारीत टांगावयाचे पुठ्ठे होते. त्या पुठ्ठ्यांपैकी एक नातवांनी हट्टाने घेतला, व आमच्याजवळ मोटार नसल्यामुळे तो पुढे अक्कांच्या पिशवीला टांगण्यात आला.

परतताना बंदरावर माशांच्या पावाची टपरी लागली. उपाहारगृहे आणि टपऱ्या यांना दुकानबंदी लागू नाही. शिजवून वा रचून जागेवर खाऊ घालणे हा वेगळा धंदा, त्याचे नियम वेगळे. उभा चिरलेला पाव, त्यात खारवलेल्या हेरिंगची फोड, आणि तिच्यावर — अक्कांनीच प्रथम पाहिले — कच्च्या कांद्याच्या पांढऱ्याशुभ्र चकत्या.

"विचार त्याला," अक्का म्हणाल्या.

जावयांनी विचारले. टपरीवाला, दर्याची हवा खाल्लेला, निळी टोपी घातलेला धिप्पाड गृहस्थ, विचारात पडला. नुसता कांदा विकणे म्हणजे भाजीविक्री. तो भाजीवाला नव्हता. परंतु गिऱ्हाइकाला पावात काय घालावे व काय घालू नये हे ठरविण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, असे त्याने स्वतःच पुढे होऊन सांगितले. तेव्हा एक माशाचा पाव मागण्यात आला, माशाविना.

"आणि पावही नको म्हणावं," अक्का म्हणाल्या. "जोंधळ्याच्या भाकरीबरोबर पाव कशाला?"

जावयांनी घसा साफ करून तेही जर्मनमध्ये सांगितले. टपरीवाल्याने एकदा अक्कांकडे, त्यांच्या नऊवारीवर चढविलेल्या बाराबंदीसारख्या जाकिटाकडे आणि पिशवीला लोंबणाऱ्या पाईनवृक्षाकडे पाहिले. मग तो गंभीरपणे आत वळला, अक्कांच्या खुणेवरून त्याने सुरी दोनदा धुतली, अख्खे दोन कांदे सोलून चकत्या केल्या, त्या कागदी तबकात रचल्या आणि पावती फाडून दिली. तीवर माशाचा पाव, नग एक, असे छापलेले होते. पूर्ण दाम घेतले आहेत तेव्हा माल राखून ठेवणे आपल्या धंद्याच्या इमानात बसत नाही, असे म्हणून त्याने पाव आणि मासा वेगळ्या पुडक्यात बांधून जावयांच्या हाती ठेवला. तो त्यांनी अक्कांकडे पाठ करून, 'पासाट' जहाजाचे निरीक्षण करता करता, संपविला.

झुणका उत्तम झाला. त्याला समुद्राचा किंचित वास येतो अशी शंका सौभाग्यवतींनी काढली, ती अक्कांनी खिडकी लावून निकालात काढली.

मंगळवारी दुकान सातला उघडणार होते. पावणेसातला अक्का दाराशी उभ्या होत्या. दुपारच्या गाडीने आम्ही हॅम्बुर्गला परतलो, तेव्हा सामान ठेवण्याच्या फळीवर नातवांच्या बादली-फावड्याशेजारी दोन-दोन किलो कांद्यांच्या तीन जाळ्या होत्या. आणि डब्यातील एक वृद्ध जर्मन गृहस्थ जावयांना अत्यंत आस्थेने विचारीत होते की, येत्या गुरुवारी काही सरकारी सुट्टी आहे काय, कारण त्यांच्या ध्यानातून ती गेलेली दिसते.