लिंकच्या पाठीवरचं लोखंड

"काकू, ऐकलंत का? त्या लिंकवर काल पुन्हा वीज पडली."

"पुन्हा? अगं, त्याला चार शब्द सांगायला घरात कुणी मोठं माणूस नाही का?"

नाही ना! शंभर वर्षं झोपून उठलेला मुलगा, आईवडिलांचा पत्ता नाही. उठल्यावर पहिला भेटलेला म्हातारा, त्याच्याशी जरा ओळख होते न होते तोच तो भूत निघाला. तेही साधंसुधं नव्हे, राजाचं. सांगणार कोण?

काकूंचं आणि माझं हे असं रोज चालतं. त्यांच्या बाजूला कढीपत्ता, माझ्या बाजूला जास्वंद, मध्ये कुंपण. लिंक आमच्या गल्लीत राहत नाही एवढंच. तो राहतो हायरूलमध्ये, म्हणजे निन्टेंडोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळात. खेळ आला मार्च 2017 मध्ये, दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी. मुलीने तिचं खेळाचं यंत्र माझ्याकडे टाकलं आणि माझ्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं. काकू स्वतः खेळत नाहीत, पण लिंकने काय अंगात घातलं, काय खाल्लं आणि कुठे आपटला, याची खडान्‌खडा खबर त्यांना लागते.

"पण वीज त्याच्यावरच का पडते? बाकीचे नसतात का उघड्यावर?"

"पाठीवर लोखंड बांधून हिंडतो ना! ढाल लोखंडी, तलवार लोखंडी. ढग गडगडायला लागले की अंगावर ठिणग्या उडायला लागतात. तेवढ्यात काढून ठेवलं तर वाचला. नाहीतर आडवा."

"मग काढत का नाही?"

हाच तर खरा प्रश्न. काढवत नाही. ती हायलियन ढाल म्हणजे सगळ्या झेल्डा खेळांतली मानाची ढाल. राजवाड्याच्या तुरुंगात एका अजस्र हाडांच्या सापळ्याशी झुंजून मिळवायची. निळीशार, वर लाल पक्ष्याचं चिन्ह. ती पाठीवर असली की मागून बघतानासुद्धा मुलगा राजबिंडा दिसतो. आता एवढी कमावलेली वस्तू पाऊस आला म्हणून उतरवून ठेवायची? मग त्या जागी काय लावायचं, तर लाकडाची फळकुटी ढाल. लावायचीच, काकू. पावसात लाकूडच राजा.

पण म्हणून लाकडावर विसंबावं, तर डोंगराकडे गेल्यावर पंचाईत. तिथे एक ज्वालामुखी आहे. त्याच्या अंगाखांद्यावर चढायला लागलं की लाकडाची हत्यारं पाठीवरच पेट घेतात आणि स्फोटाचे बाण भात्यातून काढताक्षणी फुटतात. तिथे गोरोन नावाच्या दगडखाऊ लोकांनी घडवलेलं चिलखत लागतं, आगीला दाद न देणाऱ्या दगडाचं. दिसायला काय दणदणीत! घातलं की पोरगं कोपऱ्यात ठेवलेल्या पाट्यावरवंट्यासारखं दिसतं. ज्वालामुखीवर त्याला तोड नाही. तेच घालून वाळवंटात उतरा, उन्हाने जीव जातो.

"वाळवंटात काय घालतो मग?"

"सांगितलं तर हसाल. बायकांचा पोशाख. झिरझिरीत ओढणी, पोट उघडं."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी किंमत विचारली.

सहाशे रुपी. हो, तिथलं चलन रुपीच. हिरवा खडा एकाचा, निळा पाचाचा, लाल विसाचा. त्या वाळवंटात गेरुडो लोकांचं शहर आहे आणि तिथे पुरुषांना वेशीवरच अडवतात. म्हणून हा वेष. संरक्षण जवळजवळ शून्य, पण ऊन बाधत नाही आणि वेस उघडते. शिपायाचं लोखंडी चिलखत बासनात आणि सहाशेची ओढणी अंगावर, असा हा आपला वीरपुरुष. माझ्या मते या खेळाची खरी अक्कल इथे आहे. भारी वस्तू भारी आहेच, पण हवा, जागा आणि वेळ जुळली तरच. नाही जुळली तर ती उलटते.

"आणि ती जळती तलवार? गेल्या आठवड्यात तिचं फार कौतुक चाललं होतं तुझं."

अंगारतलवार! तिची कथा वेगळीच. पातं लालभडक, उपसली की ज्वाळा. पहिल्यांदा हातात आली तेव्हा वाटलं, आता आपल्याला कोण अडवतंय. कुरणात दोन राक्षस दिसले, उपसली, फिरवली, आणि राक्षसांच्या आधी गवत पेटलं. गवतात उभा कोण? आपणच. पण फेकू नका हं. तीच तलवार नुसती पाठीवर ठेवली तर बर्फात ऊब देते. विझलेली चूल तिने पेटते. सफरचंदांवर फिरवली तर ती छान भाजून निघतात. युद्धापेक्षा घरसंसाराला जास्त उपयोगी.

मग मी काकूंना मोडतोडीचं सांगितलं. या खेळात हत्यारं मोडतात. सगळी. चार फटके मारले की झाडाची फांदी मोडते हे समजू शकतं, पण राजघराण्याची तलवारही मोडते. ती पौराणिक मास्टर सोर्ड तेवढी तुटत नाही. पण तिचंही तेज संपतं आणि मग दहा मिनिटं ती रुसून बसते. हायलियन ढालसुद्धा शेवटी फुटते. नवी हवी तर एका गावात मिळते, तीन हजार रुपींना. शिवाय हत्यारं विकता येत नाहीत. कपडे विका, हिरे विका, मांस विका. तलवारीला गिऱ्हाईक नाही. मोडीतसुद्धा घेत नाहीत.

यामुळे होतं काय, की भारी हत्यार मिळालं की आपण ते जपतो. लायनेल म्हणून एक प्राणी आहे, सिंहाचं तोंड आणि घोड्याचं धड. महाभयंकर. त्याला मारलं की त्याचा दोन हातांनी उचलायचा घण मिळतो. पांढऱ्या लायनेलचा असेल तर माराची ताकद अठ्ठ्याहत्तर. आपल्या साध्या प्रवासी तलवारीची पाच. एवढी ताकद असलेला घण मी काय करते? ठेवून देते. पुढे मोठी लढाई येईल तेव्हा काढू. ती येते तेव्हा वाटतं, याहून मोठी येईल.

"पैठणीसारखं," काकू म्हणाल्या. "नेसायची राहिली आणि घडीवर विरली."

अगदी. त्यात तो घण दोन हातांचा. म्हणजे ढाल धरता येत नाही. उगारेपर्यंत समोरचा दोनदा मारून जातो.

दुरुस्तीचा तर विषयच काढू नका. गोरोनांचा एक जुना वीर होता, दारुक. त्याचं शिलाफोड हत्यार वारसा म्हणून लिंकला मिळतं. दरवाजाएवढं पोलाद, बघून छाती भरून येते. तेही मोडतं. पुन्हा घडवून हवं तर लोहार काय मागतो? त्याच जातीचं एक साधं हत्यार, चकमकीचे पाच दगड आणि एक अख्खा हिरा. हिरा बाजारात विकला तर पाचशे रुपी येतात, काकू! मोडणारच आहे अशा वस्तूसाठी हिरा! वस्तू मोडतात हे मला पटलं, कारण त्यामुळे पळी, झाडू, वल्हं, जे हाताला येईल त्याने लढायला माणूस शिकतो. हिऱ्याचं मात्र पटलं नाही. ती शुद्ध लूट आहे.

"पळी म्हणालीस?"

"सूप वाढायची पळी. चाराची ताकद. आणि पातेल्याचं झाकण, ते ढाल म्हणून."

काकूंच्या चेहऱ्यावर प्रथमच खरा आदर दिसला.

झाकणाची करामत सांगितलीच पाहिजे. हायरूलमध्ये गार्डियन नावाची यंत्रं फिरतात, कोळ्यासारखे पाय, एकच डोळा. तो डोळा लाल किरण रोखतो आणि मग असा झोत सोडतो की नवखा माणूस एका फटक्यात खलास. त्याला उपाय एकच. झोत अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी ढाल पुढे ढकलायची, झोत उलटून त्याच्याच डोळ्यात. वेळ अचूक साधली तर ढालीला ओरखडाही येत नाही. म्हणजे मग ढाल तीन हजारांची असो की पातेल्याचं झाकण, फरक काही नाही. लोक मुद्दाम झाकणाने गार्डियन पाडतात आणि मिरवतात. मिरवावंच.

"पण मोठं दिसलं पाहिजे ही हौस आपल्याकडेही आहे हो," काकू म्हणाल्या. "जेजुरीचा खंडा पाहिलायस ना?"

पाहिलाय. खंडोबाच्या जेजुरीत दसऱ्याला बेचाळीस किलोचा खंडा उचलायची स्पर्धा असते. एका हातात तोलून धरतात, दातांनी उचलून धरतात, बघणाऱ्याला घाम फुटतो. पण तो देवाचा खंडा. लढाईची एकहाती तलवार भरायची किलो-दीड किलो. जपान्यांनीही माणसाच्या उंचीला लाजवतील अशा लांब तलवारी देवळांना वाहण्यासाठी घडवल्या. देवाला वाहायचं ते भव्य, हातात धरायचं ते बेताचं, असा व्यवहार दोन्हीकडे होता. तो विसरला 1997 मध्ये, 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये. त्यातल्या क्लाउड नावाच्या काडीपैलवानाच्या हाती फळीएवढी रुंद तलवार दिली, आणि तेव्हापासून या खेळांतली पोरं पलंगाची बाजू उपटून आणल्यासारखी हिंडतायत. म्यानाचं तर नावच काढू नका.

त्या मानाने 'एल्डन रिंग'वाले हिशेबी. 2022 चा खेळ. तिथे अंगावरच्या प्रत्येक गोष्टीला वजन आहे. पेलण्याच्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांवर बोजा गेला की माणूस झपकन लोळण घेऊन वार चुकवू शकत नाही, धप्पकन पडतो आणि उठेपर्यंत मार खातो. भारीतलं भारी चिलखत चढवलं की फोटो छान येतो. त्याच फोटोत मरतो.

"पण तिथल्या एका सरदाराचं मला फार आवडतं, काकू. रादान त्याचं नाव. डोंगराएवढा देह, दोन हातांत दोन अजस्र तलवारी आणि खाली घोडा कसला, तर मरतुकडं तट्टू. लिओनार्ड. रादानसमोर ते बकरीएवढं दिसतं."

"शी! मुक्या जनावरावर एवढा भार?"

"ऐका तर. त्या घोड्याला सोडावं लागू नये म्हणून हा बाबा गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला. स्वतःचं वजन घोड्याला लागू नये एवढ्यासाठी!"

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या. "चिलखत उतरवण्याची बुद्धी नाही झाली, पण मनाने चांगला दिसतो."

आणि लिंकचे कपडे मजबूत करून देणाऱ्या त्या चार पऱ्या! फुलाच्या कळीतून निघणाऱ्या, घरापेक्षा मोठ्या. पहिलीला जागं करायला शंभर रुपी, दुसरीला पाचशे, तिसरीला हजार. शेवटची दहा हजार घेते. लिंककडे बघतात कशा ते मी काकूंना सविस्तर सांगितलं, इथे लिहीत नाही. हत्यारं ठेवायची पिशवी वाढवून देणाऱ्याची तऱ्हा आणखी न्यारी. त्याला रानोमाळ लपवलेल्या बिया आणून द्यायच्या. एकूण नऊशे. सगळ्या शोधून दिल्यावर मानाचं बक्षीस म्हणून मिळतो सोनेरी गोळा. शेणाचा दिसतो, आणि त्याला वासही येतो.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "नऊशे शोधत बसलं की तेच मिळायचं."

मे 2023 मध्ये याच गोष्टीचा पुढचा भाग आला, 'टिअर्स ऑफ द किंगडम'. त्यात राज्यभरातल्या झकपक तलवारी गंजून गेल्यात. आता जे सापडेल ते एकमेकांना चिकटवायचं. भाल्याला भाला जोडला की दुप्पट लांब भाला. काठीला दगड जोडला की हातोडा. ढालीला धुराची अळंबी जोडली की पहिल्या फटक्याला धूर, आणि आपण मागून पसार. दिसायला सगळं इतकं कळकट की एकही हत्यार दिवाणखान्यात लावायच्या लायकीचं नाही. हत्यारांच्या बाबतीत मला हा भाग पहिल्यापेक्षा सरस वाटतो. काकूंनी तर न खेळताच त्याला पास केलंय. दारुकचं ते शिलाफोड त्यातही आहे. आणि घडवून घ्यायला हिरा अजूनही लागतो.