जुना फोर्ड ट्रॅक्टर ओळखण्याचे शास्त्र

जुना ट्रॅक्टर ओळखण्याच्या शास्त्रात सर्वांत मोठा अडथळा म्हणजे खुद्द ट्रॅक्टर. रंगातून, बिल्ल्यातून, ठोकलेल्या नंबरातून तो स्वतःबद्दल जे सांगतो, ते बहुतेक वेळा ऐकीव माहितीच्या लायकीचं असतं. मालकाच्या बोलण्याबद्दल तर न बोललेलंच बरं. म्हणून नवशिक्या अभ्यासकाने एकच नियम पाठ करावा: जे बदलायला स्वस्त, त्याची साक्ष काढू नये; जे बदलायला महाग, त्याच्यावर विश्वास ठेवावा. नियम साधा आहे, पण तो पाळणारे फार थोडे. कारण स्वस्त गोष्टी उभ्या उभ्या दिसतात आणि महाग गोष्टी पाहायला गुडघे मातीत टेकावे लागतात. या नियमाची कसोटी लागते ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 1939 ते 1952 या काळात बनलेल्या फोर्डच्या तीन छोट्या ट्रॅक्टरांवर. त्यांची नावं 9एन, 2एन आणि 8एन. तिन्ही मिळून आठ लाखांहून अधिक बनले. तिघांचीही इंजिनं चार सिलिंडरची, 120 घनइंचांची. पहिल्या 9एनची ताकद सुमारे 23 अश्वशक्ती, म्हणजे आज आपल्याकडे द्राक्षबागेत फिरणाऱ्या मिनी ट्रॅक्टरएवढी. लांबून पाहिले तर तिघे सख्खे भाऊ, आणि जवळून पाहिले तर भावकीत असतात तेवढे वाद.

अभ्यासाला बसण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असावा, निदान समोरच्याला गप्प करण्यापुरता. आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन 1938च्या ऑक्टोबरात आपला ट्रॅक्टर घेऊन हेन्री फोर्डकडे गेला. (पुण्याच्या कॉलेजला नाव दिलेले फर्ग्युसन वेगळे, ते मुंबई प्रांताचे गव्हर्नर.) नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढत नेण्याऐवजी तीन दांड्यांनी जोडायचा आणि हायड्रॉलिकच्या जोरावर उचलायचा-दाबायचा, ही त्याची युक्ती. आज सांगलीत किंवा नगरमध्ये कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहा, खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्या दिसतील. ती फर्ग्युसनचीच देणगी, आणि मॅसी फर्ग्युसन या नावातला फर्ग्युसनही तोच. फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी व्यवहार केला तो हात मिळवून, कागद न करता. त्यातून 1939च्या जूनमध्ये 9एन बाजारात आला. फोर्ड घराण्याच्या पुढच्या पिढीने हा व्यवहार मोडला, 1947मध्ये 8एन एकट्याने काढला, आणि फर्ग्युसनने 25 कोटी 10 लाख डॉलरचा दावा ठोकला. 1952मध्ये 92 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली. नुसत्या हात मिळवण्यावर व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आता पहिली पायरी: रंगाकडे दुर्लक्ष करणे. पुस्तकी ज्ञान असं सांगतं की 9एन आणि 2एन नखशिखांत करडे, आणि 8एनचा पत्रा फिकट करडा पण इंजिन, गिअरबॉक्स आणि धुरा मात्र लाल. कारखान्यातून निघताना हे शंभर टक्के खरं होतं. पण त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं गेली, आणि लाल-करडी जोडी देखणी दिसते हे सगळ्यांनाच कळलं. त्यामुळे पोट लाल केलेले 9एन गावोगाव सापडतात. रंगाचा डबा आणि एक मोकळा रविवार एवढ्या भांडवलावर ट्रॅक्टरचं वय आठ वर्षांनी कमी होत असेल, तर त्या रंगाला पुरावा म्हणणं हा पुराव्याचा अपमान आहे. बॉनेट आणि मडगार्ड यांचंही तेच. पत्रा आधी गंजतो, आधी चेपतो आणि आधी बदलला जातो. बऱ्याच 8एनच्या मडगार्डवर उठावदार अक्षरांत फोर्ड लिहिलेलं असतं, पण मडगार्ड चार बोल्ट काढले की निघतं, आणि चार बोल्ट लावले की शेजारच्याचं बसतं. पुढच्या जाळीतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवर तासन् तास चर्चा करणाऱ्यांना आदराने नमस्कार करावा आणि ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जावं.

दुसरी पायरी अधिक कठीण, कारण इथे मोठमोठे जाणकार घसरतात: नंबराला भुलू नये. नंबर इंजिनच्या डाव्या अंगाला, हेडच्या खाली, ऑइल फिल्टरच्या मागे ठोकलेला असतो. तारेचा ब्रश आणि घासलेट घेऊन पाऊणशे वर्षांचं ग्रीस खरवडलं की तो हळूहळू वर येतो, आणि 9एन ही अक्षरं दिसली की खरवडणाऱ्याच्या चेहऱ्यावर संशोधकाचं समाधान पसरतं. ते समाधान लगेच काढून घ्यावं लागतं. कारण 2एनच्या इंजिनांवरसुद्धा 9एनच ठोकलेलं आहे. कंपनीने मॉडेलचं नाव बदललं, पण नंबराची मालिका तीच चालू ठेवली. म्हणजे 2एन या अक्षरांनी सुरू होणारा नंबर सापडला, तर आपल्याला 2एन सापडलेला नसून ठोकणीचा संच बाळगणारा कोणी हौशी माणूस सापडलेला आहे. नावांतल्या आकड्यांचा क्रमही सरळ नाही. आधी 9, मग 2, मग 8. कारण ते वर्षाचे शेवटचे अंक: 1939, 1942, 1948. त्यातही 8एन विकायला सुरुवात झाली 1947मध्येच. बढतीच्या क्रमाने मांडणाऱ्या माणसाला हे कुटुंब कधीच समजणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नंबर हीच तर कंपनीची अधिकृत नोंद, ती नाकारायची म्हणजे काय? उत्तर असं की नोंद खरी आहे, पण ती ट्रॅक्टरची नाही, इंजिनच्या ब्लॉकची आहे. या तिघांची इंजिनं एकमेकांत अदलाबदल होतात. ब्लॉक तडकला की शेतकऱ्याने दुसरा बसवला, आणि बदली म्हणून आलेल्या कित्येक इंजिनांवर नंबरच नसतो. अमेरिकेत फंक बंधूंनी तर 8एनमध्ये फोर्डचंच सहा किंवा आठ सिलिंडरचं इंजिन बसवण्याची जोडणी विकली. तिथे मूळ नंबर मूळ इंजिनाबरोबरच भंगारात गेला. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतोय दुसराच, हे ज्याने पाहिलंय त्याला हा युक्तिवाद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. नंबर वाचावा, वहीत टिपून ठेवावा, पण निकाल त्याच्यावर देऊ नये.

तिसरी पायरी म्हणजे खरी परीक्षा, आणि तिला एक पैसा लागत नाही. सीटवर बसावं आणि पायांखाली पाहावं. डाव्या पायाशी क्लच आणि त्याच्याच शेजारी डावा ब्रेक, उजव्या पायाशी फक्त उजवा ब्रेक, अशी मांडणी असेल तर तो 9एन किंवा 2एन. दोन्ही ब्रेक उजव्या पायाशी जोडीने असतील आणि बूट टेकवायला खाली पायपट्टी असेल तर 8एन. हा फरक शोभेचा नाही. शेताच्या कडेला वळताना ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं चाक ब्रेकने धरावं लागतं. जुन्या मांडणीत क्लच दाबून ट्रॅक्टर सरळ थांबवायचा तर डाव्या बुटाला दोन पेडलं एकदम सांभाळावी लागत; नव्या मांडणीत एका उजव्या पायाने दोन्ही ब्रेक दाबता येतात. मग खाली उतरून मागच्या चाकाच्या मध्यभागी नट मोजावेत. सहा मोठे बोल्ट आणि फुगीर हब म्हणजे 9एन किंवा 2एन, आठ नट म्हणजे 8एन. शेवटी गिअर मोजावेत: पुढचे तीन असतील तर जुने दोघे, चार असतील तर 8एन. हायड्रॉलिकचीही एक खूण आहे. 8एनमध्ये सीटखाली उजवीकडे एक छोटा दांडा असतो. तो एका बाजूला ठेवला तर नांगर मातीच्या ओढीप्रमाणे आपोआप वर-खाली होतो, आणि दुसऱ्या बाजूला ठेवला तर ज्या उंचीवर ठेवाल तिथेच राहतो. जुन्या दोघांत ही दुसरी सोय नव्हती.

दुसरा आक्षेप इथे येतो आणि तो वजनदार आहे: गिअरबॉक्ससुद्धा बदलता येतो, मग त्याची साक्ष का मानायची? शिवाय शर्मन नावाचा जोडगिअर त्या काळी वेगळा विकत मिळायचा. तो बसवला की गिअरांची संख्या वाढते आणि मोजणाऱ्याचा हिशेब चुकतो. दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे: शर्मनला स्वतःचा वेगळा दांडा असतो, म्हणून मोजायचं ते फक्त मुख्य दांड्याचे गिअर. पहिल्या भागाचं उत्तर असं की एकटा गिअरबॉक्स साक्ष देत नाही. ब्रेक, हब, गिअर आणि हायड्रॉलिक असे चौघे मिळून देतात. चौघांनाही फितवायचं तर ट्रॅक्टरचा मागचा अर्धा भाग उतरवून दुसऱ्याचा जोडावा लागेल. एवढा खर्च आणि एवढी मेहनत करणाऱ्याने फसवणूक केलेली नसते, त्याने सरळ 8एनच बनवलेला असतो, आणि त्याला 8एन म्हणण्यात आपलं काही जात नाही. चौघांत एकमत नसेल, म्हणजे ब्रेक एक सांगतात आणि नट दुसरंच, तर आपल्यापुढे दोन ट्रॅक्टर उभे आहेत, फक्त त्यांना चाकं मिळून चार आहेत.

एवढ्यावर 8एन वेगळा पडतो. उरतो तो या शास्त्रातला सर्वांत गहन प्रश्न: 9एन की 2एन? इथे आपला नियमच अडचणीत येतो, कारण या दोघांत बदलायला महाग असा ठळक फरक नाही. 1942मध्ये युद्धामुळे रबर आणि तांबं मिळेना, म्हणून सुरुवातीचे 2एन लोखंडी चाकांवर, बॅटरी आणि स्टार्टरशिवाय, पुढून हँडल मारून सुरू करायचे असे निघाले. अभ्यासक आणखी एक कारण सांगतात: युद्धकाळात चालू मॉडेलची किंमत वाढवायला बंदी होती, नव्या मॉडेलची किंमत मात्र नव्याने ठरवता येत होती. म्हणजे आपण ज्या भेदासाठी गुडघे टेकून इंजिन खरवडतो, तो निदान काही अंशी कंपनीच्या हिशेबखात्यात जन्मलेला आहे. आणि जो भेद खरोखर लोखंडाचा होता, तो मालकांनी हाताला रबर लागताच पुसून टाकला. टणक चाकांवर दिवसभर बसलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देता येणार नाही. आज कोणी हौसेने लोखंडी चाकं बसवून 2एन मिरवत असेल, तर ती चाकं हौसेचा पुरावा आहेत, युद्धाचा नव्हे. अशा वेळी दुसऱ्या पायरीत बाजूला सारलेला नंबर पुन्हा विचारावा लागतो, कारण मालिकेतल्या जागेवरून निदान ब्लॉकचं वर्ष कळतं. साक्षीदार बेभरवशाचा आहे हे ठाऊक असूनही दुसरा कोणी नसेल तर त्याचंच ऐकावं लागतं. कोर्टातही याहून वेगळं काही होत नाही.

जाता जाता एका तोतयापासून सावध राहावं. फर्ग्युसनने 1946पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आणि 1948पासून डेट्रॉइटला स्वतःचे करडे ट्रॅक्टर काढले, ते अनुक्रमे टीई-20 आणि टीओ-20. लांबून ते 9एनसारखेच दिसतात. त्यांची खूण गंमतशीर आहे: गिअरचाच दांडा एका ठरावीक जागी नेला की स्टार्टर फिरतो, त्यामुळे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकून सुरू होऊन अंगावर येत नाही. ज्या ट्रॅक्टरचा दांडा असं करतो त्याला फोर्ड म्हणणाऱ्याने निदान फर्ग्युसनच्या वकिलासमोर तरी म्हणू नये.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढं करून मिळतं काय? सुटा भाग मागवताना मॉडेलचं नाव लागतं, हे नेहमीचं उत्तर, आणि तेही अर्धंच खरं आहे. 8एनचा डिस्ट्रिब्युटर मागवून पाहा. 1950पर्यंत तो इंजिनच्या तोंडावर, पंख्याच्या मागे, मिस्त्रीची बोटं सोलली जातील अशा बेचक्यात होता. त्या वर्षी तो उजव्या अंगाला आला. दोन्ही 8एनचेच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. अचूक मॉडेल सांगूनही चुकीचा भाग हाती येतो, आणि डिस्ट्रिब्युटर कुठे आहे एवढंच सांगितलं तर मॉडेल न सांगताही निम्मं काम होतं. म्हणून ज्यांना नावच लावायचं आहे त्यांनी पाटीवर असं लिहावं: फोर्ड, गिअर इतके, नट इतके, ब्रेक अमुक बाजूला, डिस्ट्रिब्युटर तमुक ठिकाणी. एवढं पक्क्या रंगात लिहायला हरकत नाही. मॉडेलचं नाव आणि वर्ष लिहिल्याशिवाय राहवतच नसेल, तर ते पेन्सिलीने लिहावं.