चार इंचांचं भांडण

विमानात सीट मागे टाकावी की नाही? रात्रीच्या लांबच्या प्रवासात खुशाल टाका, दिवसाच्या छोट्या प्रवासात टाकू नका, आणि टाकण्याआधी एकदा मागे वळून बघा. मुंबई-नागपूर दीड तासात कुणाची कंबर धरत नाही. पण मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून नेवार्कला निघालेल्या आजींना पंधरा-सोळा तास ताठ बसा म्हणणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

मागच्याचे गुडघेही खरेच असतात, हे मान्य. म्हणूनच तर मागे बघायचं. मांडीवर मूल असेल, लॅपटॉप उघडा असेल, हातात गरम चहा असेल. ‘जरा मागे घेऊ का?’ एवढं विचारायला काय जातं? बटण दाबून धाडकन अंगावर येणारी पाठ मात्र उद्धटपणाच. आणि जेवणाचा ट्रे आला की सीट सरळ. हवाईसुंदरीने सांगायची वाट बघू नये.

ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या युनायटेडच्या विमानात एका प्रवाशाने ‘नी डिफेंडर’ लावलं. ट्रेच्या दांड्यांवर बसवायची ही प्लॅस्टिकची अडसरं. ती लावली की पुढची सीट मागे येतच नाही. कर्मचाऱ्यांनी काढायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. पुढच्या बाईने त्याच्या अंगावर पाणी फेकलं. विमान शिकागोला उतरवावं लागलं, आणि दोघांना तिथेच सोडून ते पुढे गेलं. गंमत नव्हे, दुर्दैव असं की दोघंही जास्त ऐसपैस जागेच्या विभागात बसले होते. पाय पसरायला जादा जागा असूनही भांडण चुकलं नाही.

कारण ही जागा कंपनीने दोनदा विकलेली असते. पुढच्याला सांगितलं, पाठ मागे टाक. मागच्याला सांगितलं, गुडघ्यांपुढची जागा तुझी. वाद मिटवायची वेळ आली की कंपनी बाजूला आणि दोन गिऱ्हाइकं एकमेकांच्या उरावर. अमेरिकेत एकेकाळी दोन सीटमध्ये सरासरी ३५ इंच अंतर असायचं, ते ३१ वर आलं. काही विमानांत २८. इंच कमी केले कंपन्यांनी, आणि शिष्टाचाराचे धडे प्रवाशांना! २०२० मध्ये डेल्टाचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी सांगितलं की सीट मागे घेण्यापूर्वी मागच्याला विचारावं. सल्ला योग्यच आहे. पण इंच ज्यांच्या हातात आहेत त्यांनी फक्त सल्ला देऊन सुटू नये. त्यांच्याच कंपनीने आदल्या वर्षी काही विमानांत सीट मागे जाण्याची मर्यादा चार इंचांवरून दोनवर आणली होती. मला तेही चालेल. छोट्या पल्ल्याच्या विमानांत बटणच नसलं तरी चालेल. भांडणाचं मूळच जातं.

आपल्याकडे तिकीट काढताना खिडकीचे किती, पुढच्या रांगेचे किती, पाय पसरायच्या जागेचे किती, हे सगळं पडद्यावर रुपयांत दिसतं. त्याच पडद्यावर दोन सीटमधलं अंतर आणि पाठ किती मागे जाते, हे इंचांत छापायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना भाग पाडावं, तेही पैसे भरण्याच्या आधी.