जागा शिल्लक असल्यास

(पासष्टी गाठलेल्या वैमानिकाला त्याच्या कंपनीच्या कर्मचारी कल्याण विभागाकडून जे पत्र यायला हवं, पण कधीच येत नाही, त्याचा हा मसुदा. कोणत्याही विमान कंपनीने वर आपलं नाव घालून वापरावा. हक्क राखीव नाहीत; वैमानिकांचेही नसतात.)

प्रिय कॅप्टनसाहेब,

स. न. वि. वि.

पासष्टाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! काल रात्रीपर्यंत पावणेदोनशे प्रवाशांचा जीव आपल्या हाती सोपवायला आमची काहीच हरकत नव्हती. आज सकाळपासून आहे. यात आमचा दोष नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ मध्ये वैमानिकांची वयोमर्यादा साठावरून पासष्टावर नेली आणि आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडेही, म्हणजे डीजीसीएकडेही, तीच आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनी आपण वैद्यकीय तपासणीला उभे राहिलात आणि डोळे, कान, हृदय ठणठणीत असल्याचं सिद्ध केलंत. पण नियम हृदय बघत नाही, जन्मतारीख बघतो. देश चालवायला वयाची अट नाही आणि विमान चालवायला आहे, हा भेदभाव आहे अशी तक्रार आपण मागे केली होती. खुलासा असा की, विमान कोसळलं तर चौकशी होते.

तरी आपण नशीबवान. सरकारी एअर इंडियात निवृत्तीचं वय ५८ आणि परवाना मात्र पासष्टीपर्यंत, असा प्रकार होता. मधल्या सात वर्षांत माणसाने करायचं काय? २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेल्यावर निवृत्त होणाऱ्यांना कंत्राटावर ठेवून घ्यायचं ठरलं. म्हणजे संध्याकाळी शाल-श्रीफळ आणि सकाळी हजेरी.

असो. आता आपल्या लाभांकडे वळू.

पहिला लाभ म्हणजे अख्ख्या सोसायटीला ज्याचा हेवा वाटतो तो मोफत विमानप्रवास. शेजाऱ्यांना वाटतं, कॅप्टन निवृत्त झाले, आता आज सिंगापूर, उद्या सॅन फ्रान्सिस्को. वाटू द्या. खुलासा करू नये. त्याने कंपनीची प्रतिमा उजळते. आपल्याला मिळणारं तिकीट ‘सबलो’ आहे, म्हणजे जागा शिल्लक असल्यास, हे आपण जाणताच. पैसे भरलेले सगळे बसले, ड्यूटीवरचे कर्मचारी बसले, नोकरीत असलेले आपापल्या बायकामुलांसह बसले आणि त्यानंतरही मधली एखादी खुर्ची उरली, तर आपला सहानुभूतीपूर्वक विचार होईल. कर आणि विमानतळाचे आकार आपणच भरायचे आहेत. फुकटच्या गोष्टीलाही काही किंमत असावी, एवढाच त्यामागचा हेतू.

मे महिना, गणपती, दिवाळी आणि नाताळ या काळात कृपया विमानतळावर येऊ नये. सौभाग्यवतींबरोबर निघाला असाल आणि खुर्ची एकच उरली, तर कोणी जायचं हा कौटुंबिक प्रश्न आहे; कंपनी त्यात पडणार नाही. नातवाच्या बारशाला निघालेले आमचे एक निवृत्त कॅप्टन त्याच्या मुंजीला पोचले, असं ऐकिवात आहे. पण पोचले, हे महत्त्वाचं. कोकण रेल्वेची वेटिंग लिस्ट निदान आकडा तरी सांगते, असं काही ज्येष्ठ मंडळी कुरकुरतात. आकडा कळला की आशा मरते. आम्ही ती दरवाजा बंद होईपर्यंत जिवंत ठेवतो.

पोशाखाबाबत. पासवर प्रवास करणारा माणूस कंपनीचा चेहरा असतो. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला युनायटेड एअरलाइन्सने पासवर निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात चढू दिलं नव्हतं. तेव्हा बर्म्युडा आणि चपला घरी ठेवाव्यात. विमानतळाच्या बाकड्यावर रात्र काढावी लागली तरी इस्त्री मोडता कामा नये. पुढच्याच महिन्यात शिकागोला त्याच कंपनीच्या नावाने उडणाऱ्या विमानात चार ड्यूटीवरचे कर्मचारी बसवायचे होते, म्हणून पैसे भरून बसलेल्या प्रवाशाला खुर्चीतून ओढत बाहेर काढलं गेलं. जगभर त्याची चित्रफीत फिरली. निवृत्तांनी मात्र निश्चिंत असावं. त्यांना कोणी ओढून काढणार नाही. त्यासाठी आधी बसलेलं असावं लागतं.

दुसरा लाभ, पेन्शन. यावर बोलण्याआधी आपण जागतिक अनुभव पाहू, म्हणजे आपलं दुःख हलकं होईल.

अमेरिकेत १९६० पासून २००७ च्या अखेरीपर्यंत एअरलाइनच्या वैमानिकाने साठाव्या वर्षी खुर्ची सोडणं कायद्यानेच सक्तीचं होतं. डिसेंबर २००२ मध्ये युनायटेडने दिवाळखोरीचा अर्ज केला. पेन्शनच्या पेटीत ९८० कोटी डॉलरची तूट होती. मे २००५ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने कंपनीने ती पेटी पेन्शनची हमी घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या दारात ठेवली आणि हात झटकले. महामंडळाची हमी होती, पण मर्यादेत: पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला वर्षाला फार तर सुमारे ४५,६०० डॉलर, साठाव्या वर्षी होणाऱ्याला सुमारे २९,६००. का? तर तो लवकर निवृत्त झाला! एका सरकारी खात्याने दंडाला धरून उठवायचं आणि दुसऱ्याने विचारायचं, एवढी काय घाई होती? आमच्या विभागात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण आदर्श म्हणून शिकवलं जातं.

आणि कॅप्टन सलेनबर्गर? १५ जानेवारी २००९ रोजी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान त्यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलं आणि १५५ च्या १५५ माणसं वाचली. जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं की, आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे आणि कंपनीची पेन्शन केव्हाच गेली आहे. विमान नदीवर उतरवण्याची सोय आहे, पेन्शन उतरवण्याची नाही. ती थेट बुडते.

तेव्हा आपण कर्मचारी पेन्शन योजनेबद्दल, म्हणजे १९९५ च्या त्या योजनेबद्दल, कुरकुर करू नये. पगार कितीही लाखांत असला तरी साधारण नियमाने सूत्रात तो १५,००० रुपयेच धरायचा, सेवेच्या वर्षांनी गुणायचा आणि ७० ने भागायचा. पस्तीस वर्षं भरली तर महिना साडेसात हजार. आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा तरुण तर २०१४ नंतर एवढ्या मोठ्या पगारावर पहिल्यांदाच नोकरीला लागला, म्हणून तो या योजनेत बसतच नाही. त्याच्यापुढे तरी आपण श्रीमंत आहात.

शिवाय आपली कंपनी अजून चालू आहे, हाही एक लाभच समजावा. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत. कर्मचाऱ्यांचे पगार त्याआधीच थकले होते. मालक मात्र २ मार्च २०१६ रोजी दिल्लीहून लंडनला उडाले. तेव्हा ते राज्यसभेचे खासदार होते. पहिल्या वर्गाने गेले आणि जेट एअरवेजने गेले, असं त्या वेळी छापून आलं. त्यांच्या तिकिटावर ‘जागा शिल्लक असल्यास’ असं लिहिलेलं असल्याचं मात्र कुठे छापून आलं नाही. ती जेटसुद्धा १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून गाशा गुंडाळायला सांगितलं. तिचे वैमानिक आपल्या थकबाकीसाठी रांगेत उभे राहिले. हवाई क्षेत्राचा मूलभूत नियम आपल्याला कोणी वैमानिकी शिकवताना सांगितला नसेल, म्हणून इथे नोंदवतो: विमान उडवणाऱ्याची जागा उरली तर, कंपनी बुडालेल्या मालकाची जागा आधीच राखीव.

शेवटी एक आनंदाची बातमी. पासष्टी पूर्ण होताच आपला परवाना थांबला, पण त्याच वयात महाराष्ट्र एसटीचं अर्धं तिकीट सुरू होतं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीनंतर तर सगळंच माफ आहे. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. ज्येष्ठांसाठी राखीव आसनं असतात, कंडक्टर पोशाख तपासत नाही आणि लेगिंग्जला हरकत घेत नाही. रेल्वेकडे मात्र जाऊ नये. ज्येष्ठांची तिकीट सवलत तिने मार्च २०२० मध्येच काढून घेतली.

कळावे, लोभ आहेच, जागा शिल्लक असल्यास वाढवावा.

आपला नम्र,
कर्मचारी कल्याण विभाग

ता. क. आपल्या मुलीलाही वैमानिक व्हायचं आहे असं कळलं. आनंद आहे. पण करारावर सही करताना तिने पगाराचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. आधी विचारावं की, निवृत्तीचे पैसे खरोखर दरमहा भरले जातात का, कुठे जमा होतात आणि कंपनी बुडाली तर त्यांना हात कोण लावू शकतं. युनायटेडच्या हजारो कर्मचाऱ्यांची पेन्शन कापली गेली तेव्हा मुख्याधिकाऱ्यांचे ४५ लाख डॉलर सुखरूप राहिले, कारण ते वेगळ्या ट्रस्टमध्ये होते. ही युक्ती वरच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत असते. कॉकपिटमध्येही माहीत असायला हवी.