मुक्त बाजाराच्या तोफा

उत्पादनाची साधने खासगी मालकीची, राबणारे हात मजुरीचे, भाव बाजार ठरवणार आणि नफा पुन्हा धंद्यात घालून आणखी नफा काढायचा, या व्यवस्थेला भांडवलशाही म्हणतात. स्पर्धा हा तिचा प्राण आणि सरकारी हस्तक्षेप हा तिचा शत्रू, असे तिचे भक्त सांगतात. तिच्या जन्मवेळी मात्र प्राण गैरहजर होता आणि शत्रू सुईण म्हणून हजर.

मजुरांचा पुरवठा इंग्लंडच्या खेड्यांनी केला. लोकरीला भाव आला तशी जमीनदारांनी सामायिक कुरणांना कुंपणे घातली. मेंढ्या आत गेल्या, कुळे बाहेर आली. जमिनीपासून अशी मोकळी झालेली माणसे कोणाकडेही मजुरी करायला पूर्ण स्वतंत्र होती.

भांडवलाची सोय डचांनी लावली. मसाल्यांसाठी डच व्यापारी एकमेकांशी झुंजत होते आणि नफा घटत होता, म्हणजे स्पर्धा नीट चालली होती. हे सहन न होऊन सरकारने १६०२ मध्ये सगळ्यांची मिळून एक कंपनी केली आणि केप ऑफ गुड होपच्या पूर्वेचा व्यापार २१ वर्षे तिला एकटीला दिला. सोबत किल्ले बांधण्याचा आणि सैन्य ठेवण्याचा अधिकारही. सुमारे ६४ लाख गिल्डर जमले. भागधारकांत बडे व्यापारी होते, तशी एक मोलकरीणही होती. दहा वर्षांनी हिशेब होऊन पैसे परत मागता येतील, असे सनदेत लिहिले होते. १६१२ उजाडले आणि कंपनीला त्यातून सूट मिळाली. ज्याला पैसे हवेत त्याने आपला भाग ॲमस्टरडॅमच्या बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात घालावा! या सोयीला अर्थशास्त्रात कायमस्वरूपी भांडवल म्हणतात. पहिला लाभांश १६१० मध्ये मिळाला होता, तोही जायपत्रीच्या रूपात.

भाव कसा ठरतो, हे इंडोनेशियातल्या बांदा बेटांनी पाहिले. जायफळ तेव्हा तिथेच पिके आणि बेटकरी ते इंग्रजांनाही विकत. ग्राहक निवडण्याचा हा आगाऊपणा कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसोन कून याने १६२१ मध्ये मोडून काढला. सुमारे पंधरा हजार रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम झाले. बागांत गुलाम आणून बसवले गेले. त्यानंतर भाव स्थिर राहिले.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये अशा मक्तेदार कंपन्यांना चांगलेच झोडपले. मुक्त बाजाराचे भक्त त्याची तसबीर लावतात. त्याचा ग्रंथ उघडण्याची सक्ती नसते.

डच कंपनी अखेर कर्जात बुडाली. १७९६ मध्ये सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला, १७९९ अखेर सनद संपली. लाभांश भागधारकांनी आधीच नेले होते. कर्ज तेवढे सरकारी तिजोरीच्या वाट्याला आले.