पॅरिसात पाच दिवसांचे बिऱ्हाड

पॅरिसला जायचे ठरले की सर्वप्रथम ते कुणालाही सांगू नये. सांगितलेत, तर संध्याकाळच्या आत सल्ले सुरू होतात. मेहुणा म्हणतो, "आयफेलजवळच राहा, नाहीतर गेल्याचा उपयोग काय?" शेजारच्या काकूंच्या सुनेच्या मैत्रिणीचा फोन तिथल्या स्टेशनाबाहेर मारला गेलेला असतो, तेव्हा "स्टेशनाच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही." ऑफिसातला जो गृहस्थ लोणावळ्यापलीकडे गेलेला नाही, त्याचे मत सगळ्यांत ठाम असते.

आता भूगोल. पॅरिसचे २० प्रभाग आहेत. त्यांना आरोंदिसमाँ म्हणतात, पण तो शब्द उच्चारण्याच्या फंदात पडू नये. तिथलेही नुसते 'पाचवा', 'अठरावा' असेच बोलतात. लूव्र ज्यात आहे त्या पहिल्यापासून हे आकडे गोगलगाईच्या शंखासारखे गोल गोल बाहेर फिरत जातात. १८६० साली आसपासची गावे शहरात घेतली, तेव्हा बाराचे वीस झाले. मूळ बेतात तेरावा आकडा पश्चिमेकडच्या पासीच्या वाट्याला येत होता. पण तोवर तेरावा प्रभागच नसल्याने 'तेराव्यात लग्न लागलं' म्हणजे लग्नाविना एकत्र नांदतात, असा पॅरिसभर टोमणा होता. पासीच्या सधन मंडळींना हा पत्ता कसा चालावा? शेवटी आकडेच गोल फिरवले गेले आणि पासीला सोळावा मिळाला. पत्त्याच्या अब्रूपायी अख्ख्या शहराचे आकडे फिरवायला लावणारी माणसे सदाशिव पेठेला मुळीच परकी वाटणार नाहीत.

यातले कामाचे एवढेच, की पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे प्रभाग. ७५००५ म्हणजे पाचवा. हे कळले की हॉटेलवाल्याचे 'अगदी मध्यवर्ती' हे शब्द वाचावे लागत नाहीत.

आयफेल दिसणाऱ्या खोलीबद्दल. मुंबईत सी-फेसिंग फ्लॅट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. न्हाणीघराच्या खिडकीतून, डावा पाय कमोडवर ठेवून, दोन इमारतींच्या फटीत जे राखाडी दिसते, तो समुद्र. इथे तो टॉवर. टॉवर ३३० मीटर उंच आहे, तो नदीच्या पुलांवरून फुकट दिसतो आणि रात्री दर तासाला पाच मिनिटे लखलखतो. लेखक मोपासां टॉवरवरच्याच उपाहारगृहात जेवायला जायचा, कारण पॅरिसमध्ये टॉवर न दिसणारी तेवढीच एक जागा होती, असा किस्सा सांगतात. जाहिरातीत 'टॉवरचे दर्शन' असेल, तर दर्शन हा शब्द देवळातल्या गर्दीच्या अर्थाने घ्यावा.

त्यापेक्षा अंगणाकडची खोली मागावी. जुन्या इमारतींना आत चौक असतो, अगदी वाड्यासारखा. 'सुर कूर' म्हणजे चौकाकडची आणि 'सुर रू' म्हणजे रस्त्याकडची. रस्त्याकडच्या खोलीत पॅरिस रात्री दोनपर्यंत गप्पा मारते. चौकाकडच्या खोलीत समोरच्या बिऱ्हाडात काय शिजते आहे ते कळते. आपल्या माणसाला दुसरे अधिक मानवते.

पण मुक्कामाचा खरा निर्णय प्रभाग करत नाही, बॅग करते. चिवडा, चकल्या, थालीपिठाची भाजणी आणि 'थंडी असली तर' म्हणून कोंबलेले दोन स्वेटर मिळून तिचे जे तेवीस किलो होतात, त्यांना पॅरिसात जिना दिसतो. मेट्रो १९०० सालची. तिच्या बहुतेक जुन्या स्थानकांत लिफ्ट नाही. अगदी नव्या १४ नंबरच्या मार्गावर मात्र सगळीकडे आहे. मोंमार्त्र सुंदर आहे, पण ती टेकडी आहे आणि सॅक्रे-कर चर्चसमोर २२२ पायऱ्या आहेत. तिथे राहण्याची हौस असेल, तर महिनाभर आधी बॅग भरून, शेजाऱ्यांना कारण न सांगता, सोसायटीचा जिना रोज तीन मजले चढावा. हॉटेलच्या लिफ्टवर विसंबू नये. ती बहुधा जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली असते, म्हणजे उभे कपाट. त्यात एकतर बॅग जाते किंवा नवरा.

ताऱ्यांबद्दल थोडे. फ्रान्समध्ये तीन तारे मिळवायला दोघांची खोली बाथरूमसकट साडेतेरा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४५ चौरस फूट असली की पुरते. एवढ्यात बॅग उघडली की दार बंद होत नाही. किटली मिळेल असे गृहीत धरू नये, आपली न्यावी.

स्वस्तात राहून साहित्यिक व्हायचे असेल, तर ऑस्कर वाइल्डचे उदाहरण आहे. १९०० साली तो र्यू दे बोझारवरच्या एका साध्या हॉटेलात वारला, तेव्हा बिल थकलेले होते. तेच हॉटेल आता पंचतारांकित आहे. उधारी राहिली तर ती हॉटेलला अशी फळते.

राहता राहिले ते स्टेशन. काकू म्हणतात त्यात थोडे तथ्य आहे: गार दू नॉरबाहेर खिसा सांभाळावा. पण विमानतळाहून रेल्वे थेट तिथे येते आणि तिथून थोडे चालले की ला शापेलला श्रीलंकेच्या तमिळांची वस्ती लागते. पाटीवर तमिळ, दुकानात शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, नारळ. जवळच अठराव्यात गणपतीचे देऊळ आहे. उन्हाळा सरता सरता त्याची रथयात्रा निघते, रस्त्यात नारळांच्या राशी फुटतात, आणि ढोल-ताशांऐवजी नादस्वरम् व तविल वाजतात. चौथ्या दिवशी क्रॉसाँ घशाखाली उतरेनासा होतो, तेव्हा माणूस कुठलाही प्रभाग सोडून इथेच येतो, तर पहिल्याच दिवशी यायला काय हरकत आहे? मेहुण्याला मात्र ही गल्ली सांगू नये. त्याने विचारले, "खोलीतून आयफेल दिसायचा का?", तर बेधडक "दिसायचा" म्हणावे. मान किती वाकवावी लागायची, हे त्याने विचारले तरच सांगावे.